ताप-खोकल्याचा पेशंट समोर बसला की: मुंबईत नव्याने ओपीडी करणाऱ्या डॉक्टरांसाठी

जून संपत आला की मुंबईतल्या दवाखान्यांची बाकं तापाच्या पेशंटनी भरायला लागतात. "डॉक्टर, अंग मोडून आलंय", "घसा धरलाय", "रात्रभर कणकण होती", आणि त्याला जोडूनच, "व्हायरलच असेल ना?" इंटर्नशिप संपवून पालिकेच्या दवाखान्यात, 'आपला दवाखाना'त किंवा एखाद्या सीनियरच्या क्लिनिकमध्ये नव्याने बसणाऱ्यांना हा प्रश्न दिवसभर ऐकावा लागतो. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. पण या शहरात पावसाळ्यात फ्लू एकटा येत नाही. त्याच आठवड्यात, त्याच चाळीत मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) पेशंटही असतात, आणि पहिले दोन-तीन दिवस हे चारही आजार जवळपास सारखेच दिसतात. म्हणून माझा आग्रह आहे की 'व्हायरल' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, बाकीचं बघून झाल्यावर. आणि निदान काहीही लिहिलं तरी पेशंटला परत कधी यायचं ते सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठू द्यायचं नाही.

खाली दिलेले डोस डॉक्टरांसाठी आहेत. घरच्या कुणी हे वाचून स्वतःहून औषध सुरू करू नये.

आधी रांगेकडे बघा

नंबराप्रमाणे पेशंट आत घेणं योग्यच, पण दर थोड्या वेळाने बाहेर एक नजर टाका. बोलताना वाक्य अर्धवट सोडून श्वास घेणारे आजोबा, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं आणि आवाज दिला तरी न बघणारं मूल, ओठ सुकलेली सातव्या-आठव्या महिन्याची गरोदर बाई, सुस्तावून काहीतरी असंबद्ध बोलणारा तरुण, यांना नंबर नसतो. यांना आधी आत घ्यायचं. दवाखाना दहा बाय दहाचा असला तरी खिडकी उघडी ठेवा, पंख्याचा झोत खोकणाऱ्यावरून तुमच्याकडे आणि रांगेकडे येणार नाही असा ठेवा, आणि खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या. कंपाउंडरला हे एकदा समजावून सांगितलं की तो तुमच्यापेक्षा नीट करतो.

विचारायचं काय

पहिला प्रश्न: आज तापाचा कितवा दिवस? "दोन-तीन दिवस झाले" यावर थांबू नका. "सोमवारी कामावर गेला होतात का? रात्री जेवलात का नीट? मग अंग कधी तापलं?" असं मागे मागे जात पहिला दिवस नक्की करा आणि केसपेपरवर तारीख लिहा. कुठली टेस्ट आज उपयोगाची, डेंग्यूचा धोक्याचा काळ कधी सुरू होणार, फ्लूवरचं औषध अजून वेळेत आहे का, हे सगळं त्या एका तारखेवर ठरतं.

दुसरं, आधी काय आलं? फ्लू बहुधा अचानक येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी लोकलमधून उतरतानाच गळून गेलेला असतो. ताप, अंगदुखी, डोकेदुखी आणि त्यासोबत कोरडा खोकला, घशाची खवखव. साध्या सर्दीत नाक आणि शिंका पुढे असतात, ताप बेताचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या लक्षात ठेवायला सोपी आहे: ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त मोजलेला ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांतला. यातला खोकला महत्त्वाचा. ताप आहे, अंग ठणकतंय, पण खोकला नाही, घसा नाही, नाकही नाही, अशा पेशंटच्या कागदावर पावसाळ्यात 'व्हायरल' लिहायला हात धजावू नये. तिथे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आधी. उलटं मात्र धरून चालू नका. लेप्टोतही खोकला असू शकतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो नीट विचारावा लागतो. "पुराच्या पाण्यातून चाललात का?" असं विचारलं की माणसाच्या डोळ्यांसमोर २६ जुलै २००५ उभी राहते आणि तो "नाही" म्हणतो. त्या पुरानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली होती, पण लेप्टो व्हायला तेवढा पूर लागत नाही. हिंदमाताला, मिलन सबवेपाशी किंवा आपल्याच गल्लीत घोटाभर पाणी तुंबलेलं असताना चप्पल हातात घेऊन काढलेली वाटही पुरते. म्हणून असं विचारा: "काका, गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यात पाय भिजले का? घरात गटाराचं पाणी शिरलं का? पायाला जखम, चिखल्या आहेत का? घरात, दुकानात उंदीर आहेत?" जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे कालपरवाचं विचारून भागत नाही.

मग काम आणि झोपायची जागा. बांधकामाच्या साइटवर राहणारे, रात्रपाळीचे वॉचमन, गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ झोपणारे: मलेरिया डोक्यात ठेवा. शहरातला मलेरियाचा डास, अॅनॉफिलीस स्टीफेन्साय, स्वच्छ पाण्यात वाढतो. उघड्या टाक्या आणि नव्या इमारतींत साठवलेलं पाणी हे त्याचं घर. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि ड्रम, कुंडीखालची ताटली, छपरावरच्या ताडपत्रीत साठलेलं पाणी त्याला पुरतं. गणपतीत गावी जाऊन आलेल्यांना गावचंही विचारा: शेतात, चिखलात काम केलं का, तिकडे कुणाला ताप आहे का.

आधी काय घेतलं, हे विचारायला विसरू नका. मुंबईत पेशंट तुमच्याआधी मेडिकलवाल्याकडे जाऊन आलेला असतो. तासाभरापूर्वी पॅरासिटामॉल घेतली असेल तर तुमच्या थर्मामीटरवर ९९ दिसणार आणि फसायला होणार. पाकीट किंवा रिकामी स्ट्रिप दाखवायला सांगा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यावर तुम्ही आणखी लिहिलं की डोस दुप्पट होतो.

शेवटी जुने आजार: मधुमेह, दमा, हृदयविकार, किडनी, लिव्हर, कर्करोगाचे उपचार, एचआयव्ही, दीर्घकाळ स्टेरॉइड. बाईला पाळीची तारीख. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे हळू आवाजात आणि शक्यतो एकांतात विचारा. सगळ्यांदेखत विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. आणि प्रत्येकाला: "शेवटची लघवी कधी झाली?"

हात लावून तपासा

गर्दीत पहिल्यांदा कापली जाते ती तपासणी. स्टेथोस्कोप शर्टावरून दोन ठिकाणी टेकवून लिहायला घेण्याची सवय लागू देऊ नका. सवय बसली की दोन-तीन मिनिटांत खालचं सगळं होतं.

नाडी, बीपी, ताप, ऑक्सिमीटर, आणि श्वासाचा वेग. या पाचांतला शेवटचा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त सांगून जातो. लहान मुलाचा श्वास मोजताना त्याला आईच्या मांडीवरच राहू द्या. स्टेथोस्कोप लावू नका, जवळ जाऊ नका, रडवू नका. आईला फक्त झबलं छातीपर्यंत वर करायला सांगा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास: न्यूमोनिया समजून पुढे चाला. त्याच मिनिटात बरगड्यांच्या खालच्या कडेकडे लक्ष ठेवा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडत असेल, बाळ कण्हत असेल, अंगावर पीत नसेल, तर मोजणी पुरी व्हायची वाट न बघता रेफर करा. मोठ्या माणसात मिनिटाला ३० च्या पुढे श्वास, गोंधळलेलं बोलणं, बीपी ९०/६० च्या खाली किंवा वय ६५ च्या वर, यांतलं एकापेक्षा जास्त असेल तर त्याची जागा हॉस्पिटलात आहे.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट बघा. नेलपॉलिश, मेंदी, पावसात भिजून गार पडलेली बोटं आकडा बिघडवतात. बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली असेल तर घरी पाठवू नका. आकडा ठीक आहे पण दम लागतो म्हणतात, अशा मोठ्या माणसाला खोलीत थोडं चालवा आणि पुन्हा मोजा. कोविडच्या काळात शिकलेली ही गोष्ट आजही तेवढीच कामाची आहे.

बीपीत दोन आकड्यांमधलं अंतर बघा. ११०/९२ हे वरवर ठीक वाटतं, पण डेंग्यूच्या चौथ्या-पाचव्या दिवशी अंतर २० किंवा कमी झालं असेल आणि हातपाय गार असतील तर ती शॉकची सुरुवात आहे.

आता लेप्टोसाठी दोन खुणा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. पांढरा भाग लाल झालाय, पण चिपडं नाहीत, पू नाही. मग पेशंटला झोपवून गुडघे थोडे वाकवा आणि पोटऱ्या दोन्ही हातांनी दाबा, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत. फ्लूतही अंग दुखतं, पण लेप्टोचा पेशंट पोटरी दाबताच पाय ओढून घेतो. बरेच जण आधी सांगतात, "जिना उतरवत नाही." या दोन खुणा आणि पाण्याचा इतिहास एकत्र आला की रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, औषध त्याच दिवशी सुरू करायचं. डोळे किंवा लघवी पिवळी, लघवी कमी, थुंकीत रक्त किंवा दम असेल तर सरळ हॉस्पिटल.

बाकी पटापट: घसा टॉर्चने, मानेतल्या गाठी, छाती पाठीमागून खालपर्यंत आणि शर्ट वर करून, पोटात प्लीहा-यकृत, त्वचेवर पुरळ किंवा लाल ठिपके, मान ताठ आहे का.

फ्लूचेच वाटत असेल तर तीन गट

एच१एन१च्या (स्वाइन फ्लूच्या) साथीच्या वेळी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केलेली अ, ब, क अशी विभागणी ओपीडीत आजही फार उपयोगी पडते.

अ गटात सौम्य ताप, खोकला, घसादुखी, थोडी अंगदुखी, कधी जुलाब-उलटी. टेस्ट नको, ऑसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) नको. घरी विश्रांती, लक्षणांपुरतं औषध आणि २४ ते ४८ तासांत पुन्हा तपासणी.

ब गटात दोन प्रकार. एक, लक्षणं अ गटाचीच पण ताप जोरात आणि घसा फार दुखतोय. दुसरा, लक्षणं सौम्य पण माणूस जोखमीचा: गरोदर बाई, ६५ च्या वरचे, फुप्फुस-हृदय-किडनी-लिव्हरचे आजार, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी झालेले, आधीचा मोठा आजार असलेली मुलं. यांना टेस्टसाठी न थांबता ऑसेल्टामिविर. गरोदर बाईंच्या बाबतीत हात आखडू नका. शेवटच्या तीन महिन्यांत फ्लू झपाट्याने फुप्फुसात उतरू शकतो आणि हे औषध गरोदरपणात देता येतं.

क गटात धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, मूल चिडचिडं होऊन खाणं-पिणं सोडणं, किंवा जुना आजार बळावणं. यांची टेस्ट हॉस्पिटलात होईल, तुमचं काम १०८ ला फोन करणं आणि चिठ्ठी लिहिणं. चिठ्ठीत तापाचा पहिला दिवस, ऑक्सिजनचा आकडा, बीपी, दिलेली औषधं आणि वेळ लिहा. केईएम, सायन, नायर, कूपर किंवा साथीच्या आजारांसाठी सातरस्त्याचं कस्तुरबा, जवळ काय आहे आणि कुठे खाट आहे ते शक्य असेल तर आधी फोनवर विचारून मगच पाठवा. ऑक्सिजन ८८ असलेल्या पेशंटला टॅक्सीत घालून दोन हॉस्पिटलं फिरायला लावणं जिवावर बेतू शकतं.

ऑसेल्टामिविरचा डोस: मोठ्यांना ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ५ दिवस. एक वर्षावरच्या मुलांना वजनानुसार, दिवसातून दोनदा: १५ किलोपर्यंत ३०, १५ ते २३ किलो ४५, २३ ते ४० किलो ६०, आणि ४० च्या वर ७५ मि.ग्रॅ. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर फायदा जास्त. जोखमीच्या किंवा गंभीर पेशंटला त्यानंतरही द्यावं. मळमळ होते, म्हणून खाऊन घ्यायला सांगा. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करा.

टेस्ट कोणत्या, आणि कोणत्या दिवशी

हातावर पोट असणाऱ्या माणसाला हजार-दीड हजाराचं 'फीव्हर पॅनेल' लिहून देणं सोपं आहे, पण त्यातलं अर्धं त्या दिवशी निरुपयोगी असतं.

खोकला-घसा नसलेला ताप असेल, किंवा हुडहुडी भरून येत असेल, तर मलेरियासाठी रक्ताची स्लाइड पहिल्याच दिवशी. पालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणजे मलेरिया नाही असं नाही, ताप चालू राहिला तर पुन्हा काढा. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विनबरोबर १४ दिवस प्रायमाक्विन पुरं करून घेणं हेच खरं आव्हान असतं, कारण तिसऱ्या दिवशी ताप गेला की पेशंटही जातो. गरोदर बाईला आणि लहान बाळाला प्रायमाक्विन नको, आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का याचा विचार करा. फाल्सिपॅरम प्रकार निघाला तर राष्ट्रीय कार्यक्रमातलं संयुक्त औषध त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे.

डेंग्यूसाठी पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट), त्यानंतर आयजीएम (अँटिबॉडीची टेस्ट). सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तिसऱ्या दिवशी केलेला जास्त सांगतो: पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट उतरत्या, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढता. हा चढता हिमॅटोक्रिट प्लेटलेटपेक्षा महत्त्वाचा, कारण रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय हे तो दाखवतो. लेप्टोचा आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतो. त्याआधी क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि लघवीची साधी तपासणी बघा. आणि कृपा करून तिसऱ्या दिवशी वायडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) सांगू नका. पहिल्या आठवड्यात ती फारसं सांगत नाही, आणि नंतरही खोटी पॉझिटिव्ह येऊन उगाच टायफॉइडचे उपचार चालू होतात. टायफॉइडची खरी शंका असेल तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर.

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, वजन उतरलेलं, संध्याकाळचा ताप: थुंकीची टीबीसाठी तपासणी. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी मोठ्या प्रमाणात आहे. म्हणूनच खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक सहज लिहू नका. त्याने टीबी दबतो, बरा होत नाही, निदान लांबतं. टीबीचा प्रत्येक पेशंट नोंदवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.

औषध: थोडं आणि नेमकं

पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मि.ग्रॅ., गरजेप्रमाणे ६ तासांनी. मुलांना दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ. प्रत्येक डोसला. सिरप लिहिताना किती मि.ग्रॅ.चं ते नक्की लिहा. १२० आणि २५० या दोन्ही ताकदीच्या बाटल्या बाजारात आहेत आणि घरात जुनी बाटली पडलेली असते. आईला "एक चमचा" सांगू नका, टोपणावर पेनने खूण करून द्या.

डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अॅसिड, अॅस्पिरिन काही नको. रक्तस्राव आणि किडनी दोन्हीचा धोका. मुलांना फ्लूत अॅस्पिरिन कधीच नाही, आणि निमेसुलाइडला १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे. "सुई मारा, कामावर जायचंय" म्हणणाऱ्याला डायक्लोफिनॅक आणि डेक्साची (स्टेरॉइडची) सुई देऊन ताप दोन तासांत उतरवता येतो, तो खूशही होतो. पण डेंग्यूच्या पेशंटचं रक्त त्या सुईने वाहू शकतं, लेप्टोच्या पेशंटची किडनी त्या सुईने बसू शकते, आणि स्टेरॉइडने फ्लू लांबतो. नाही म्हणायला शिका, पण का नाही ते दोन वाक्यांत सांगून.

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांबद्दल मी फार कडक आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपने मुलं दगावली, त्यानंतर केंद्राने २ वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांखाली सहसा देऊ नयेत असं कळवलं. या वयाला नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध, कोमट पाणी, आणि एक वर्ष पूर्ण झालेल्यांना झोपताना अर्धा-एक चमचा मध. वर्षाच्या आत मध नाही. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधलेली दिसली तर काढायला लावा, कापराने बाळांना झटके येऊ शकतात. वाफेसाठी उकळत्या पाण्याचं भांडं छोट्या खोलीत जमिनीवर ठेवलं की मुलं भाजतात. लहान मुलांना वाफ सांगूच नका.

अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ (फ्लूचाच एक विषाणू) वाढला तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना हेच आवाहन केलं होतं: ताप तीनेक दिवसांत जातो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो, अझिथ्रोमायसिन लिहू नका. अँटिबायोटिक कधी? छातीत एका बाजूला करकर आणि जलद श्वास. बरा होत आलेला पेशंट पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा तापला आणि पिवळा कफ पडू लागला. किंवा खोकला नाही, पण टॉन्सिलवर पांढरे डाग, मानेत दुखऱ्या गाठी आणि ताप, विशेषतः ५ ते १५ वयात. अशा घशाला अमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस, कारण संधिवाताचा ताप आणि त्यातून होणारे हृदयाच्या झडपांचे आजार आपल्याकडे अजून आहेत. सौम्य लेप्टोला डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी नको.

आजारी नाही पण पाणी तुडवून आलाय, असाही माणूस येतो. पालिकेच्या सल्ल्यानुसार ७२ तासांच्या आत, जखम नसेल तर डॉक्सिसायक्लिन २०० मि.ग्रॅ. एकदाच, जखम असेल तर रोज २०० मि.ग्रॅ. असं ३ दिवस; आणि त्या पाण्यात वारंवार काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, ६ आठवडे.

पाणी भरपूर: भाताची पेज, ताक, वरणाचं पाणी, शहाळं, ओआरएस. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून किवी आणि पपईच्या पानांच्या रसावर लोक रोजचा पगार घालवतात. तेवढ्या पैशांत दोनदा सीबीसी होतो, हे प्रेमाने सांगा. फक्त आकडा कमी आला म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांपर्यंत थांबतात, आणि तो निर्णय हॉस्पिटलचा.

उठण्याआधी सांगायचं ते

प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला मराठीत किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहा: धाप, सतत उलट्या, पोटात जोराचं दुखणं, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, गुंगी, सहा तास लघवी नाही, डोळे पिवळे. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल. मग घरच्या एकाकडून ते म्हणवून घ्या: "मावशी, काय झालं तर यांना लगेच न्यायचं, सांगा बघू."

डेंग्यूच्या शंकेत एक वाक्य ठळक सांगा: "ताप उतरेल त्या दिवशी जास्त लक्ष ठेवा." ताप गेला म्हणून माणूस कामावर जातो, आणि धोक्याचे ते २४ ते ४८ तास नेमके तेव्हाच सुरू होतात. त्या दिवशी बीपी आणि सीबीसीसाठी बोलवाच.

विश्रांती सांगताना समोरच्याचं पोट लक्षात घ्या. पाच दिवस घरी बसा म्हणणं सोपं, पण ज्याचा रोज बुडतो तो बसणार नाही. निदान पॅरासिटामॉलशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत तरी लोकलमध्ये, कारखान्यात जाऊ नये, नंतर मास्क लावून जावं. दाखला मागितला तर लगेच द्या. एका खोलीत सहा जण राहत असतील तर वेगळी खोली सुचवून उपयोग नाही. पेशंटने खिडकीजवळ झोपावं, आजी-आजोबा आणि तान्हं बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डोकी विरुद्ध दिशेला, दिवसा दार उघडं. बाळाला पाजणाऱ्या आईला फ्लू असेल तर दूध चालू ठेवायचं, मास्क लावून आणि हात धुऊन.

पुन्हा आलेला पेशंट नव्याने तपासा. तिसऱ्या दिवशी ताप तसाच असेल तर आधीच्या कागदावरचं 'व्हायरल' बाजूला ठेवून पहिल्या प्रश्नापासून सुरू करा, डोळे आणि पोटऱ्या पुन्हा बघा, स्लाइड पुन्हा काढा. एकाच गल्लीतून, एकाच साइटवरून तीन-चार जण सारखा ताप घेऊन आले तर वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, एच१एन१ पॉझिटिव्ह निघाला की कळवायचंच. त्यावरून फवारणी आणि घरोघरची तपासणी होते. केसपेपरवर पत्ता खोली नंबरासकट लिहा. "कुर्ला (प.)" एवढ्यावर कुणालाही घर सापडत नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि मुंबईत ती पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात. गरोदर बाया, वयस्क, मधुमेह-दम्याचे पेशंट यांना त्या महिन्यांत ते कशासाठीही आले तरी आठवण करा. तुम्ही स्वतः घ्या, आणि नाव नोंदवणारी ताई, कंपाउंडर, झाडू मारणाऱ्या मावशी यांनाही द्या. दिवसभर त्याच हवेत तेही असतात.